खुनी माहीत असलेली मर्डर मिस्ट्री

मर्डर मिस्ट्री बघताना आपण मनात एकच पैज लावतो : खुनी कोण? 'सामना' बघायला बसलात तर ही पैज फार टिकत नाही. हिंदूराव धोंडे पाटील पडद्यावर आले की संशय दुसऱ्या कुणावर जातच नाही. तरी मी मोबाईल बाजूला ठेवून हा ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा शेवटपर्यंत बघितला, आणि मग लगेच दुसऱ्यांदा.

पटकथा विजय तेंडुलकरांची आणि दिग्दर्शक म्हणून जब्बार पटेलांचा हा पहिला सिनेमा. १९७५च्या बर्लिन महोत्सवात तो स्पर्धेत होता. गोष्ट साधी आहे. एक दारुडा, मोडलेला गांधीवादी मास्तर हिंदूरावांच्या गावात येऊन पडतो. साखर कारखाना, सत्ता, पोलीस सगळं हिंदूरावांच्या खिशात. ते मास्तरला ठेवून घेतात, दारू पाजतात. मास्तरच्या कानावर एक नाव येतं, आणि मग तो गावभर एकच प्रश्न विचारत सुटतो : मारुती कांबळेचं काय झालं?

इथे रहस्य खुन्याचं नाही, शांततेचं आहे. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कुणीच का बोलत नाही? 'दृश्यम'मधे प्रेत सापडू नये म्हणून आपण देव पाण्यात घालून बसतो. 'सामना'त उलट होतं. कोस्टा-गाव्रासच्या 'झेड'मधे (१९६९) राजकीय खुनाचा माग काढायला निदान एक तपास करणारा मॅजिस्ट्रेट आहे. मास्तरकडे ना पद, ना पुरावा. फक्त प्रश्न आहे, तोही दारूच्या वासाचा.

मी नागपूरचा. आमच्याकडे संत्री आणि कापूस. साखरेचं राजकारण आम्ही बातम्यांतच बघतो. पण हिवाळी अधिवेशन आलं की चौकाचौकात होर्डिंग लागतात, गाड्यांचे ताफे धावतात. हिंदूराव ओळखायला ऊस लागत नाही. आणि शांतता ओळखायला गावही लागत नाही. एका कंपनीत आमच्या टीममधला एक जण सोमवारी आलाच नाही. आयडी बंद, ग्रुपमधून नाव गायब. मीटिंगमधे टेस्टिंगच्या एका मुलीने सरळ विचारलं, "तो कुठे गेला?" स्क्रीनवरचे चौदा चेहरे एकदम म्यूट. तिथे कुणाचा जीव गेला नव्हता, तुलना तेवढीच. पण साध्या प्रश्नाने खोलीतली हवा कशी बदलते ते मला त्या दिवशी कळलं.

सिनेमाची खरी ताकद दोन नटांत आहे. निळू फुल्यांचा हिंदूराव ओरडत नाही, तो पाहुणचार करतो, आणि म्हणूनच भीती वाटते. त्याला मास्तर आवडतोही. श्रीराम लागूंचा मास्तर हीरो होत नाही. त्याचे पाय लटपटतात, प्रश्न लटपटत नाही.

आता खटकलेलं. मधे सिनेमा रेंगाळतो. लावणी ऐकायला गोड आहे, पण ताण सैल करते. बायकांच्या वाट्याला फारसं काही येत नाही. सगळ्यात मोठी अडचण खुद्द मारुतीची आहे. सिनेमा दोन माणसांच्या सामन्याचा, आणि ज्याच्यासाठी तो चाललाय तो आपल्याला कळतो बहुतेक दुसऱ्यांच्या तोंडून. त्याचं नाव महाराष्ट्राच्या राजकारणात वाक्प्रचार झालं. भाषणात कुणीही वापरतं, टाळ्या मिळतात. माणूस मात्र पुसट राहिला. २००६मधे शेजारच्या भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडलं, तेव्हा मी शाळेत होतो. असे प्रश्न विदर्भात रूपक म्हणून विचारता येत नाहीत.

तरी बघाच. शेवट सांगत नाही. फक्त बघताना एक गोष्ट करा : मारुती कांबळेचं काय झालं याच्यासोबत, मारुती कांबळे कसा होता हेही विचारत राहा. त्याचं उत्तर शोधणारा सिनेमा मला अजून बघायचा आहे.