चहा कुणाकुणाला

स्टुटगार्ट,
२ ऑगस्ट

प्रिय मित्रा,

तुझा लांबलचक मेसेज मिळाला. उत्तर टाइप करायला घेतलं, पण हा विषय अंगठ्याच्या आवाक्यातला नाही म्हणून सरळ पत्रच लिहितोय. तुझ्या लेकीला इथल्या विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचा आनंद आमच्या घरात सगळ्यांनाच झाला. हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. थंडीचे कपडे तिकडून ढीगभर आणू नका, आपले स्वेटर इथं पुरे पडत नाहीत. कांदा-लसूण मसाला मात्र किलोभर आणायला सांग. व्यवहाराचं एवढंच.

तू विचारलंयस, "तिकडची माणसं माणूसघाणी असतात म्हणं, खरं काय? पोरगी एकटी पडली तर?" आणि जाता जाता टोलाही हाणलास, की गेल्या खेपेला आलो तेव्हा मीही गप्प गप्प होतो, "जर्मन झालास गड्या." दोन्हीचं उत्तर एकाच ठिकाणी येतं, पण तिथवर पोचायला जरा वेळ लागेल.

आधी इथलं सांगतो. आमच्या श्वाबेन भागात जिना झाडायची पाळी आठवड्या-आठवड्यानं घरोघर फिरते. ज्याची पाळी, त्याच्या दाराला पाटी लटकते. पाटी तुमच्या दाराला आहे आणि जिन्यात कचरा आहे असं दिसलं, की शेजारी बोलायला येतो. एरवी येत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची, रविवारी भिंतीला ड्रिल लावायचं नाही, काचेच्या बाटल्या रविवारी डब्यात टाकायच्या नाहीत कारण आवाज होतो. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी दिल्यास तर माणूस अस्वस्थ होतो, अपशकुन मानतात. आणि कचेरीत केक आणायचा तो ज्याचा वाढदिवस असेल त्यानंच. तुझ्या लेकीला हे सगळं महिनाभरात कळेल. पहिले काही महिने कुणी दार वाजवणार नाही, आणि वाजवलंच तर पार्सल द्यायला. तुम्ही घरी नसाल तर शेजारी तुमचं पार्सल विनातक्रार ठेवून घेतो, ही इथली फार मोठी शेजारधर्माची गोष्ट आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी राहतात. कोविडच्या दिवसांत मी आजारी पडलो तेव्हा त्यांनी दाराशी सूपचा डबा ठेवला, बेल वाजवली आणि वर निघून गेल्या. डब्यावर चिठ्ठी होती: डबा धुऊन द्यायची गरज नाही. आता डबा रिकामा परत करायचा नाही हे आपल्या हाडात मुरलेलं. बायकोनं त्यात शंकरपाळी भरून दिली. आजी गोंधळल्या. दोन दिवसांनी आभाराचं कार्ड आलं, त्यांच्या सुंदर अक्षरात, आणि तो हिशेब तिथं मिटला. त्या आजपर्यंत आमच्या घरात आलेल्या नाहीत. पण मला काही झालं तर रुग्णवाहिकेला फोन पहिल्यांदा त्याच करतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तेव्हा माणूसघाणी नव्हेत. मैत्री इथं रस्त्यावर होत नाही, संस्थेत होते. या देशात सहा लाखांच्या आसपास नोंदणीकृत मंडळं आहेत. गाण्याची, डोंगर चढायची, नेमबाजीची, ससे पाळायची, काय हवं ते. फॉर्म भरायचा, वर्गणी द्यायची, वार्षिक सभेला खजिनदाराचा अहवाल ऐकायचा. दोन-तीन वर्षं दर गुरुवारी सरावाला गेलं, की एक दिवस कुणीतरी म्हणतो, शनिवारी मी घर बदलतोय, कपाट उचलायला येशील का? तिथं समजायचं, की आपण मित्र झालो. सामान हलवायला इथं हमाल बोलावण्याआधी दोस्तांना बोलावतात, आणि मोबदल्यात पिझ्झा-बिअर. लेकीला सांग, पहिल्याच महिन्यात कुठल्यातरी मंडळाचा फॉर्म भर. तिचा आवाज चांगला आहे, गायनवृंदात जाऊ दे. भारतीयांच्या घोळक्यातच राहिली तर दोन वर्षांनी जर्मनीबद्दल तिच्यापेक्षा तूच जास्त सांगशील.

कुर्ट लेविन नावाचा एक मानसशास्त्रज्ञ होता. जर्मन ज्यू. १९३३ साली हिटलर आला तेव्हा देश सोडून अमेरिकेला गेला. तिथली माणसं पहिल्याच भेटीत इतकी मोकळी वागतात आणि तरी एका मर्यादेपलीकडे आत घेत नाहीत, याचं त्याला नवल वाटलं. १९३६ साली त्यानं या दोन देशांच्या फरकावर एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: माणसाच्या स्वभावाला आत-आत जाणारे थर असतात. अमेरिकन माणसाचे बाहेरचे बरेच थर कुणालाही खुले असतात, फक्त गाभा बंद. जर्मन माणूस पहिल्या-दुसऱ्या थरालाच दार लावून घेतो. मला हा लेख पटतो. पण तो वाचल्यापासून एक प्रश्न डोक्यात बसलाय, की लेविनसाहेब आपल्या कोल्हापुरात आले असते तर त्यांनी काय लिहिलं असतं?

आपल्याकडं तर थर मोजायलाच सवड मिळत नाही. पत्ता विचारला तर माणूस सांगत नाही, गाडीवर मागं बसवून नेऊन सोडतो. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून घेताना शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस तुमच्या पोराच्या दहावीच्या मार्कांवर मत देतो. जेवायला बसलं की पांढरा रस्सा वाटीत नको म्हणेपर्यंत नव्हे, नको म्हटल्यावरही पडत राहतो. परदेशी राहिलेले आपले लोक परत आले की याच गोष्टींची तक्रार करतात. पगार काय विचारतात, दुसरं मूल का नाही विचारतात, न सांगता घरी येतात. मला ही तक्रार फुसकी वाटते. मला ते प्रश्न आवडतात. रंकाळ्यावर कुणी "कवा आलास, किती दिवस हाईस" विचारलं की इथल्या वर्षभराच्या शांततेचा शीण उतरतो. गेल्या खेपेला मी गप्प होतो तो या प्रश्नांना कंटाळून नव्हे. मी त्या प्रश्नांचा क्रम बघत होतो.

पुढच्या वेळी तूही बघ. चहा येण्याआधी काय विचारतात? "कुठलं गाव? आडनाव काय? कुणाचं पाव्हणं?" दोन मिनिटांत माणूस जागेवर बसवला जातो. पेठ कुठली, शाळा कुठली, तालीम पाटाकडीलची का दिलबहारची. एकदा तो बसला की मग जीव टाकतात. मी तिथं जन्मभर बसवलेलाच होतो. पेठ, तालीम, वडिलांची नोकरी, आडनाव, सगळं सांगायच्या आधीच माहीत. त्यामुळं या प्रश्नांच्या चौकीवरून आपण जातोय हे मला कधी कळलंच नाही. इथं माझ्या आडनावावरून कुणाला काही म्हणजे काहीच कळत नाही. ते नीट उच्चारताही येत नाही. इथली माणसं सगळ्यांशीच सारखी अलिप्त राहतात, निदान जिन्यात तरी. या समान अलिप्ततेत राहिल्यावर घरच्या मायेकडं बघताना दिसायला लागतं, की ती सगळ्यांना सारखी मिळत नाही.

हे तुला नवं नाही, कारण आपल्या गावात हा धडा एका राजानं शिकवलाय. गंगाराम कांबळ्यांची गोष्ट आपण शाळेत ऐकली होती, पण नीट ऐकली का, कोण जाणे. संस्थानच्या नोकरीत असलेल्या, अस्पृश्य मानलेल्या या माणसाला पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना पैसे देऊन स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल निघालं. गिऱ्हाईक कोण येणार? तेव्हा महाराज स्वतः तिथं गाडी थांबवायचे, गंगारामच्या हातचा चहा मागवायचे, स्वतः घ्यायचे आणि गाडीतल्या मंडळींनाही घ्यायला लावायचे. रस्सा वाढताना हात न आखडणाऱ्या गावात एक कप चहा पिण्यासाठी छत्रपतींना रस्त्यात थांबावं लागलं. १९०१ पासून महाराजांनी वसतिगृहं काढली तीसुद्धा मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशी वेगवेगळी काढावी लागली. आपला पाहुणचार खोटा होता असं मी म्हणत नाही. तो ओळखीच्या माणसांपुरता अस्सल होता.

आता तू म्हणशील, पूर विसरलास काय? अजिबात नाही. उलट पुरामुळंच हे नीट कळलं. २०२१ चा जुलै आठव. १४ जुलैच्या रात्री इथं जर्मनीत आर नदीच्या खोऱ्यात पाणी आलं. गावंच्या गावं वाहून गेली, पुरात देशभरात १८० हून जास्त माणसं दगावली. आठवड्याभरानं आपली पंचगंगा फुगली. राजाराम बंधाऱ्याशी धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी गेलं ५५ च्या वर. मी एका डोळ्यानं इथल्या बातम्या बघायचो आणि दुसऱ्यानं तुझे मेसेज. पार्सल सांभाळण्यापलीकडं शेजाऱ्याच्या आयुष्यात न डोकावणारे हे लोक देशाच्या कानाकोपऱ्यातून फावडी घेऊन आले आणि आठवडेच्या आठवडे अनोळखी माणसांच्या तळघरातला चिखल उपसत राहिले. इतके लोक आले की त्यांना ने-आण करायला तिथल्याच लोकांनी बसगाड्यांची सोय केली. आणि त्याच्या दोन वर्षं आधी, २०१९ च्या पुरात, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला तेव्हा अडकून पडलेल्या ट्रकवाल्यांना आपल्या लोकांनी जेवण पोचवलं. तेव्हा कुणी विचारलं होतं, की हा चालक पंजाबचा का बिहारचा, कुठल्या जातीचा?

संकटात दोन्हीकडची माणसं आडनाव विचारत नाहीत. पाणी ओसरलं की जर्मन माणूस आपल्या दारामागं जातो आणि आपण आपल्या चौकीवर. फरक मला इतकाच दिसतो. पण ज्याला घर भाड्यानं हवंय, त्याच्या दृष्टीनं हा फरक फार मोठा आहे.

इथलं गुणगान गातोय असं समजू नकोस. घर शोधताना लेकीला कळेल. आर्थिक पत दाखवणारा दाखला, तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, विद्यार्थ्यासाठी कुणाचा तरी जामीन, हे सगळं जोडूनही साधी पोच येत नाही. भेदभावाविरुद्धचा कायदा २००६ पासून आहे. तरी २०१७ साली इथल्याच पत्रकारांनी जर्मन आणि परक्या नावांनी घरांसाठी हजारो अर्ज पाठवून बघितले, तेव्हा अरबी आणि तुर्की नावांना कमी बोलावणी आली. जिन्यातली समान अलिप्तता घरमालकाच्या टेबलावर समान राहत नाही. पण तो प्रयोग करून बघावा असं कुणाला तरी वाटलं, तो छापून आला, आणि वाचून लोकांना लाज वाटली. आपल्याकडं "फक्त फॅमिलीला", "फक्त शाकाहारींना" अशी जाहिरात छापताना कुणाला काहीच वाटत नाही. त्याला आपण सोसायटीचा नियम म्हणतो.

आणि म्हणूनच तुझ्या मेसेजमधल्या त्या चार ओळींवर मी अडकलो. तू सहज, हसण्यावारी लिहिलंयस: तुझा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मार्चपासून रिकामा आहे, शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला असलेली झारखंडची दोन पोरं बघायला आली होती, पोरं बरी वाटली, पण कमिटी म्हणाली बाहेरची नकोत, बॅचलर नकोत. पुढं लगेच तू विचारलंस, लेकीला तिथं घर मिळेल ना, लोक नीट वागतील ना.

मी तिच्यासाठी शक्य ते सगळं करीन. खोली मिळेपर्यंत ती आमच्याकडं राहील, आणि त्यावर तू एक शब्द बोलायचा नाहीस. जामीन लागला तर मी राहीन, मंडळाचा फॉर्म भरायला सोबत जाईन. ऑक्टोबरात ती इथल्या घरमालकासमोर बसेल तेव्हा तिची पेठ, तिची शाळा, तुझं नाव यातलं काहीही तिच्या कामाचं नसेल. ती बाहेरची असेल, बॅचलर असेल, आणि स्वयंपाकाला फोडणीचा वास येतो म्हणून कुणीतरी तिला नाही म्हणेल. तिला हो म्हणणारा एखादा निघावा असं तुला आणि मला दोघांनाही वाटतं.

त्या पोरांचा नंबर तुझ्याकडं असेल. फोन कर. कारखान्याच्या ठेकेदाराकडून पगाराचं पत्र घे, अनामत घे, अकरा महिन्यांचा करारनामा कर, पोलीस ठाण्यात भाडेकरूंची नोंद कर आणि किल्ली दे. कमिटीच्या बैठकीला तू स्वतः जा, फोनवर मिटवू नकोस. सचिव तुझ्याच तालमीतला आहे, तुझं ऐकेल. मग काय ठरलं ते मला कळव.

वहिनींना नमस्कार सांग, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
मित्र