गुडघ्यांना पसंत गाडी

फ्रीगंजात टॉवर चौकापाशी भाच्याने नवी एसयूव्ही उभी केली. "मामा, बसून तर बघा!" बसलो. उजवा गुडघा दाराच्या कप्प्याला, डावा मधल्या जाडजूड कन्सोलला. सीट मागे सरकवली तर क्लचला पाय पुरेना. बाहेरून ऐट केवढी!

जुन्या अँबेसेडरमध्ये गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असे. पुढे सलग बाकडं, पाय ऐसपैस. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंतच्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४वरून १६ टक्क्यांवर आलं, आणि इंचाइंचाची ओढाताण वाढली. तरी १९९९पासूनची वॅगनआर बघा: उंच छप्पर, खुर्चीसारखी बैठक, गुडघे आपसूक खाली. दिसायला डबा, असेना का!

शोरूममध्ये पोरगा स्क्रीनचे इंच सांगतो. मी डॅशबोर्डखालचे विचारतो.