दोन रात्रींची बोटसफर : जाण्याची तयारी आणि मागची व्यवस्था

आमच्या थोरल्या बंधूंना गावात सगळे दादाच म्हणतात. त्यांच्या लग्नाला छत्तीस वर्षे झाली. एवढ्या काळात दादा आणि वहिनी दोघेही एकाच वेळी बाहेरगावी मुक्कामाला राहिले, असे मला तरी आठवत नाही. दादा वारीला गेले की वहिनी घरी. वहिनी माहेरच्या लग्नाला गेल्या की दादा गोठ्यात. दावणीला जनावर आहे म्हटल्यावर एकाने मागे राहायचेच. हे काही आमच्या एकट्याच्या घरचे नाही. वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी हीच रीत असेल.

गेल्या दिवाळीच्या आधी वहिनींनी वर्तमानपत्रात मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या जहाजाचे चित्र पाहिले. मला म्हणाल्या, "भावजी, एकदा समुद्रातनं जाऊन यायचं होतं बघा. पण तुमचे दादा कुठले यायला!"

दादा म्हणाले, "म्हैस गाभण हाय. तूच सांग, कसं जायचं?"

मग मी वही आणि पेन घेऊन बसलो. आयुष्यभर इतरांना पिकाची वेळापत्रके करून दिली. घरच्यांसाठी एक करायला काय हरकत होती? सफर झाली. तिच्यातून जे शिकलो ते इथे क्रमाने देतो. कुणाला जायचे असेल तर उपयोगी पडेल.

जहाज कसले?

जुन्या माणसांना मुंबई-कोकण-गोवा बोट आठवत असेल. भाऊच्या धक्क्यावरून सुटायची आणि बंदरे घेत घेत जायची. ती सेवा बंद पडून अनेक वर्षे झाली. आताची जहाजे केवळ गावाला पोहोचवत नाहीत, सफर घडवून परत आणतात. 'एम्प्रेस' नावाचे जहाज २०२१ सालापासून मुंबईहून अशा सफरी करते. हे जहाज १९९० साली फ्रान्समध्ये बांधले. लांबी दोनशे मीटरच्या वर, मजले अकरा आणि प्रवासी सुमारे अठराशे. म्हणजे एक मध्यम गावच पाण्यावर चालले आहे असे समजा. ते मुंबईत बॅलार्ड पियर येथून सुटते. तेथील नव्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ही जागा जवळ आहे. आम्ही कुर्डुवाडीला सिद्धेश्वर एक्सप्रेस धरली आणि सकाळी मुंबईत उतरलो. जहाज दुपारनंतर सुटणार असले तरी त्याच दिवशी पहाटे पोहोचणारी गाडी धरताना मध्ये पाच-सहा तास हाताशी ठेवावेत. गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही.

केव्हा जावे?

जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. त्या दिवसांत हा विचार करू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र बहुधा शांत असतो. आपल्या कामांचाही मेळ तिथेच बसतो. ज्वारीची पेरणी आणि कोळपणी उरकलेली असते, हरभरा उगवून आलेला असतो आणि ज्वारी हुरड्यावर येऊन पाखरे राखायला अजून अवकाश असतो. नाताळच्या सुट्टीत मात्र दर चढतात. म्हणून आम्ही डिसेंबरचा पहिला आठवडा धरला आणि तिकिटे दोन महिने आधी काढली.

म्हशीचे रेतन ८ फेब्रुवारीला झाले होते. म्हशीचा गाभणकाळ सुमारे ३१० दिवसांचा. त्या हिशेबाने विण्याची तारीख १५ डिसेंबर येत होती. आमची सफर ५ ते ७ डिसेंबर. दहा दिवस हाताशी आहेत, असे मी दादांना छातीठोकपणे सांगितले.

पैशाचा हिशेब

जाहिरातीतला दर पाहून हुरळू नये. तो बहुधा एका खोलीत दोघे धरून माणशी असतो. त्यावर बंदराचे शुल्क, सेवाशुल्क आणि जीएसटी वेगळे लागतात. "सगळे धरून माणशी किती?" हा एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे. राहणे आणि मुख्य जेवण त्यात येते. थंड पेये, काही खेळ आणि गोव्यातील फिरणे बहुधा वेगळे असते.

खोल्या तीन प्रकारच्या : बिनखिडकीची, खिडकीची आणि सज्जाची. बिनखिडकीची सर्वांत स्वस्त. दिवसभर डेकवरच बसायचे असल्याने ती पुरते. जागा निवडता आली तर जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची घ्यावी. बैलगाडीत आसावर बसलेल्याला हिसके कमी बसतात, तसेच हे आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पीककर्जाचा किंवा उसाच्या बिलाचा पैसा या कामी लावू नये. वहिनींनी दोन वर्षे भिशी लावली होती. तेवढ्यात बसले म्हणून गेलो.

कागदपत्रे

देशातल्या देशात जाणाऱ्या सफरीला पासपोर्ट लागत नाही. आधार किंवा मतदार ओळखपत्र मूळ प्रत न्यावी, झेरॉक्सवर भागत नाही. श्रीलंकेसारख्या परक्या बंदराला लागणारे जहाज असेल तर मात्र पासपोर्ट हवाच. लहान मुलांचेही ओळखपत्र लागते.

तिकिटावरचे नाव कार्डावरच्या नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. इथे माझी चूक झाली. वहिनींचे नाव मी फोनवर तोंडी सांगितले आणि घरात हाक मारतो तेच सांगून बसलो. निघायच्या चार दिवस आधी ध्यानात आले. दुरुस्ती झाली, पण चार दिवस जीव टांगणीला लागला. तुम्ही कार्डाचा फोटोच पाठवावा.

वय झालेल्यांनी रक्तदाब, साखर यांबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारून निघावे. दिवस गेलेल्या बाईला चोवीस आठवड्यांनंतर जहाज कंपन्या बहुधा घेत नाहीत. तिकीट काढतानाच विचारावे.

बांधाबांध

दोन रात्रींसाठी माणशी एक लहान बॅग पुरे. खोली लहान असते आणि पलंगाखाली जेवढे मावेल तेवढेच सामान सुखाचे. आमची यादी अशी होती :

१. कपड्यांचे तीन जोड आणि एक शाल. बाहेर ऊन असले तरी खोलीत एसीचा गारठा असतो.

२. न घसरणाऱ्या तळव्याच्या चपला किंवा बूट. डेक ओला असतो.

३. वारा फार असतो. टोपी डोक्यावर टिकत नाही, उपरणे किंवा रुमाल बांधावा. नऊवारी नेसणाऱ्या बायकांना काही अडचण येत नाही. वहिनी दिवसभर जिने चढत-उतरत होत्या.

४. रोजची औषधे दोन दिवस जास्तीची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

५. चष्मा, फोनचा चार्जर, आलेपाक, लहान पिशवी.

मोठी बॅग बंदरावर चिठ्ठी लावून ताब्यात घेतात आणि ती खोलीशी संध्याकाळपर्यंत येते. म्हणून औषधे, चष्मा, कार्ड आणि पैसे हातातल्या पिशवीतच ठेवावेत.

काय नेऊ नये तेही सांगतो. विमानतळासारखी तपासणी असते. चाकू, कात्री, काडेपेटी, इस्त्री, पाण्याची विजेची किटली चालत नाही. बाहेरचे खाद्यपदार्थही आत नेऊ देत नाहीत. दशम्या-चटणी रेल्वेतच संपवावी. दादांच्या कोपरीच्या खिशातून अडकित्ता निघाला. तपासणारा पोरगा हसला, पण ठेवून घेतला. तीस वर्षांचा सोबती काउंटरवर राहिला म्हणून दादा तासभर घुश्श्यात होते. परत येताना पावती दाखवून मिळाला.

आत गेल्यावर एक कार्ड मिळते. तीच खोलीची किल्ली आणि तोच बटवा. रोख चालत नाही, खर्च कार्डावर चढतो आणि शेवटी बिल येते. रोज रात्री झालेला खर्च विचारून घ्यावा. वर जुगाराची खोलीही असते. तिच्या दारावरून सरळ पुढे जावे.

कवायत टाळू नका

जहाज सुटण्याच्या सुमारास सर्वांना ठरलेल्या जागी जमवून जीवरक्षक जाकीट कसे घालायचे ते दाखवतात. धोक्याची खूण म्हणजे सात आखूड भोंगे आणि एक लांब. काही मंडळी ही कवायत चुकवून खायला पळाली. असे करू नये. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट उलटून सहाशेहून अधिक माणसे गेली. आजची जहाजे आणि आजचे नियम वेगळे आहेत, पण समुद्र तोच आहे. आपली जागा, आपला जिना आणि आपले जाकीट पाहून ठेवावे.

बोट लागू नये म्हणून उपाशी राहू नये आणि तडस लागेपर्यंत जेवूही नये. मळमळ वाटली तर खोलीत पडून न राहता डेकवर यावे आणि दूर क्षितिजावर नजर ठेवावी. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि त्रास सुरू होण्याआधी घ्यावी.

मागची व्यवस्था

माझ्या मते सफरीची खरी तयारी घरी असते. पुतण्या शिकून गावी परतल्याला दोन वर्षे झाली होती, पण गोठा त्याच्या एकट्यावर दादांनी कधी सोडला नव्हता. आम्ही भिंतीवर मोठा कागद लावला. धारेची वेळ, वैरण आणि पेंड किती, मोटारीला त्या आठवड्यात वीज दिवसा की रात्री, पाणी कोणत्या वाफ्याला, पशुवैद्यकाचा फोन नंबर, शेजारच्या जाणत्या माणसाचे नाव. आणि शेवटी लाल शाईने लिहिले : म्हैस व्याली तर नाळेला आयोडिन, वासराला पहिल्या तासा-दोन तासांत चीक, वार बारा तासांत पडली नाही तर डॉक्टर.

फोनचेही ठरवून घ्यावे. किनारा मागे पडला की तासा-दोन तासांत रेंज जाते. जहाजावरचे नेटवर्क चुकून जोडले गेले तर बिल भरमसाट येते. म्हणून फोन विमान मोडवर ठेवावा. "रात्रभर फोन लागणार नाही, सकाळी गोव्यात लागेल" असे घरी आधीच सांगावे.

पाच तारखेच्या संध्याकाळी जहाज सुटले. डावीकडे खांदेरीचा दीपस्तंभ लुकलुकू लागला. १८६७ साली बांधलेला हा दिवा आहे. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांत हा खांदेरी किल्लाही आहे, असे मी सांगितले. वहिनींनी हात जोडले. दादांचे लक्ष फोनकडे. रेंज गेली आणि दादांची झोपही गेली. रात्री दोनला मी डेकवर गेलो तर ते कठड्याशी उभे. चोहीकडे काळे पाणी आणि लांबवर मासेमारीच्या होड्यांचे दिवे. म्हणाले, "रात्री राखण करायची सवय, झोप कुठली!"

सकाळी मुरगावच्या जवळ आलो आणि फोन वाजला. रात्री साडेबाराला पुतण्याचा निरोप येऊन पडला होता : म्हैस व्याली, रेडी झाली. पहाटेचा दुसरा : वार पडली, चीक पाजला, दोघी बऱ्या आहेत. माझा हिशेब दहा दिवसांनी चुकला होता. जनावर कागद वाचत नाही, हे मला अधिकाऱ्याला दादांनी तिथेच ऐकवले.

मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "आपल्यावाचून अडत नाही म्हणायचं." त्यात आनंद होता की थोडे वाईट वाटणे, मला कळले नाही. दोन्ही असावे.

गोव्यात थोडक्या वेळात

गोव्यात एकच दिशा धरावी. सगळा गोवा एका दिवसात होत नाही. शेवटचा माणूस जहाजावर केव्हा परतायचा ती वेळ लिहून घ्यावी आणि तासभर आधीच परतावे. आम्ही टॅक्सी ठरवून कुठ्ठाळी, बोरीवरून फोंड्याकडे मंगेशी आणि शांतादुर्गेला जाऊन आलो. दर आधी ठरवला होता.

वाटेत खाजन शेती दिसली. भरतीच्या पातळीहून खाली असलेली ही भाताची शेते. खारे पाणी आत येऊ नये म्हणून चिखलमातीचे बांध घातलेले आणि पाण्याच्या वाटेवर लाकडी झडपांची मानस. भरतीला झडप आपोआप मिटते, ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडते. तिथे कोरगूट नावाचे खारे सोसणारे भात होते. आमच्याकडे पाणी नाही म्हणून बांध, त्यांच्याकडे पाणी फार म्हणून बांध. दादांनी टॅक्सी थांबवली आणि अर्धा तास बांधावर फिरले. समुद्रापेक्षा तेच त्यांना जास्त आवडले असावे.

परतीच्या रात्री दादा जेवले आणि सकाळपर्यंत शांत झोपले.

आठ तारखेला घरी पोहोचलो. दादा चपला न काढता आधी गोठ्यात गेले. रेडीच्या पाठीवरून हात फिरवला, नाळ पाहिली, कागद वाचला आणि पुतण्याला एवढेच म्हणाले, "बरं केलंस." रेडीचे पोट भरून उरलेल्या चिकाचा खरवस झाला होता. तो खाताना वहिनींनी हळूच सांगितले, "नवी भिशी लावली हाय बरं का."

दादा नको म्हणाले नाहीत.