घोरनिद्रेचे दिवस

शेवटची किमो झाली तो श्रावणातला शुक्रवार होता. सिस्टरनी हातातली सुई काढली, कापसाचा बोळा दाबून धरायला सांगितला आणि म्हणाल्या, "झालं बाई तुमचं." मी बोळा दाबून तशीच बसून राहिले. मार्चमध्ये, पोरांच्या वार्षिक परीक्षेच्या तोंडावर हे सुरू झालं होतं. दर २१ दिवसांनी एक, अशा आठ. पहिल्या चार लाल, पुढच्या चार पांढऱ्या. इतके महिने ज्या दिवसाकडे डोळे लावून बसले होते तो उजाडला, आणि मला उठून घरी जावंसं वाटेना. त्या खुर्चीत बसलं की आपल्यासाठी कुणीतरी काहीतरी करत असतं. आता तीन-चार आठवडे कुणी काही करणार नव्हतं. पेशी वर येऊ द्यायच्या, अंगात बळ भरू द्यायचं आणि मग ऑपरेशन. म्हणजे नुसतं थांबायचं. लढाईच्या दिवसांत जी भीती वाटली नव्हती ती या थांबण्याची वाटली.

त्या लाल औषधाची गोष्ट मी मधल्या काळात वाचली होती. इटलीत कास्तेल देल मोन्ते नावाचा तेराव्या शतकातला एक किल्ला आहे. १९५० च्या दशकात त्याच्या आसपासच्या मातीत एक सूक्ष्मजीव सापडला, तांबडा रंग तयार करणारा. पुढे त्याच्याच बदललेल्या वाणापासून हे औषध निघालं आणि जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याला ॲड्रियामायसिन म्हणू लागले. परंड्याच्या किल्ल्याचे बुरूज मी रोज शाळेला जाताना बघते. कुठल्यातरी किल्ल्याजवळच्या मातीतलं काहीतरी माझ्या शिरेतून चाललंय, या विचारानं मला त्या उन्हाळ्यात धीर दिला. का, ते नीट सांगता येत नाही. माती ओळखीची वाटते, म्हणून असेल.

आमच्या भागात कॅन्सर हा शब्द सहसा कुणी उच्चारत नाही. 'बार्शीला दाखवलंय' एवढं म्हटलं की ऐकणारा गप्प होतो. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, पण परंडा-भूमच्या माणसांची धाव तिकडेच. तिथं नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे आणि डॉ. बी. एम. नेने यांचं आयुष्यभराचं काम आहे. १९८७ मध्ये बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांत कॅन्सरची गावोगाव नोंद ठेवायला सुरुवात झाली. ग्रामीण भागातली देशातली ती पहिलीच नोंदणी. म्हणजे देशात खेड्यातल्या बाईचं हे दुखणं पहिल्यांदा ज्या वहीत उतरलं ती वही आमची आहे. माझी गाठही आता त्या वहीतली एक ओळ असेल.

आणि १९९९ पासूनची ती तपासणी. तेव्हा आमच्या जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं, आणि जगभरच्या वैद्यकीय लिखाणात ते अजून त्याच नावानं आहे. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. बार्शीचं हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधल्या ल्योनची आंतरराष्ट्रीय संस्था, असं तिघांचं मिळून काम. २००९ साली निष्कर्ष छापून आले. जिथं एचपीव्हीची एकच चाचणी झाली त्या गटात या आजारानं ३४ बायका गेल्या. जिथं तपासणी केली नाही, फक्त माहिती देऊन नेहमीच्या सोयीवर सोडलं, त्या जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४. या आकड्यांनी पुढं लाखो बायकांचं भलं केलं, हे मला कळतं. तरी त्या ६४ जणी माझ्या मनातून जात नाहीत. त्याही आमच्याच शिवारातल्या होत्या.

माझी आई त्या वेळी तपासून आली होती. गाडी गावात आली तेव्हा ती आधी घरातच बसून राहिली. कोण परकी माणसं, काय तपासणार, लाज वाटणार. मग शेजारची काकू जाऊन आली आणि ओट्यावर उभी राहून एवढंच म्हणाली, "काय बी दुखत न्हाई. चल." आई उठली. डॉक्टरांनी दोन दिवस समजावलं होतं, त्यानं जे झालं नव्हतं ते जाऊन आलेल्या बाईच्या एका वाक्यानं झालं. ही आठवण मला इतकी वर्षं आली नव्हती. तिसऱ्या किमोला मावशी भेटल्या आणि ती वर आली.

मावशी भूमकडच्या. खव्याच्या भट्टीवर कामाला. त्यांचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली होती, तपासणीला आल्या होत्या. माझं डोकं तेव्हा नुकतंच गुळगुळीत झालेलं, त्यावर रुमाल. माझ्याकडे बघून त्या शेजारी येऊन बसल्या. कुठली, काय, लेकरं किती, सगळं विचारून झालं. मग हळूच म्हणाल्या, "बघायचंय का?" मला आधी समजलंच नाही. पडद्याआड नेऊन त्यांनी पदर बाजूला केला.

मी आयुष्यात इतकं धीट काही पाहिलेलं नाही. उजवी बाजू सपाट होती. काखेकडून छातीच्या मध्यापर्यंत एक तिरकी रेघ, नांगराच्या तासासारखी सरळ, आणि भोवतीची कातडी कुठं पिवळसर, कुठं गोरी. महिनाभर मी रात्री डोळ्यांपुढं जे आणत होते त्यातलं काहीच तिथं नव्हतं. "हात लाव," मावशी म्हणाल्या. मी बोट टेकवलं. तिथं त्यांना कळत नव्हतं, बधिर होतं, पण त्या हसल्या. "हे असं ऱ्हातं बग. म्या बी लई भ्याले व्हते. मला कुनी दावलं नव्हतं."

हे जे शेवटचं वाक्य आहे ते न्यूयॉर्कमधल्या टेरीस लॅसर या बाईचंही होतं. १९५२ साली तिचा स्तन काढला गेला. त्या काळी स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढत. हात कधी हलवायचा, कपडे कसे घालायचे, नवऱ्यापुढं कसं जायचं, यातलं तिला कुणीच काही सांगितलं नाही. मग तिनं स्वतःच शोधून काढलं, आणि ऑपरेशन झालेल्या बायकांना हॉस्पिटलात जाऊन भेटायला लागली. बरोबर नेई ती हाताच्या व्यायामासाठी एक रबरी चेंडू आणि दोरी. काही डॉक्टरांना ते आवडलं नाही. पण ती थांबली नाही, आणि पुढं तिच्या कामातून जगभर पसरलेली एक चळवळ उभी राहिली. आपल्याकडेही कॅन्सरमधून उठलेल्या वंदना गुप्ता यांनी मुंबईत 'व्ही केअर' सुरू केलं. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत आमच्या मराठवाड्यातली माणसं टाटाच्या उपचारांसाठी महिनोन्‌महिने राहतात. तिथल्या चुलीपाशी आणि नळापाशी जे शिकून होत असेल त्याला तर नावच नाही. मावशींना यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांना फक्त आपल्याला कुणी दाखवलं नव्हतं, एवढं लक्षात होतं.

शेवटच्या किमोनंतरच्या त्या रिकाम्या दिवसांत मावशींचा फोन एक दिवसाआड येई. विचारायच्या कमी, सांगायच्या जास्त. हुलग्याचं माडगं पी, तोंडाला चव येती. पुढून बटनाचे चार ब्लाऊज शिवून ठेव, एक माप ढिले. ऑपरेशननंतर काखेतून नळी निघते आणि तिला बाटली असते, ती घेऊन संडासला जाताना दोन्ही हात गुंततात, म्हणून त्यांनी जुन्या खणाची एक चंची शिवून एसटीच्या वाहकाबरोबर पाठवली. लांब बंदाची, गळ्यात अडकवायची. पानाची चंची जशी असते तशीच, जरा खोल. बाटलीतलं पाणी रोज मोजायचं, तीस मिलीच्या आत आलं की मग नळी निघते, हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं. पण झोपताना बाटली कुठल्या अंगाला ठेवायची, ते चंचीबरोबर आलं.

आणि हात. "आत्ताच भितीला बोटं चालव," त्या म्हणाल्या, "नंतर कुटवर जात व्हतं ते इसरतंय." मी चौकटीसमोर उभी राहिले. डाव्या हाताची बोटं खालून वर चालवत नेली, जिथं थांबली तिथं खडूनं रेघ मारली. त्याच चौकटीवर लेकरांच्या उंचीच्या जुन्या रेघा आहेत, पहिलीतली, चौथीतली, सातवीतली. माझी सगळ्यात वर. पांढऱ्या औषधानं बोटांची टोकं मुंग्या आल्यासारखी बधिर झालेली, खडू दोनदा खाली पडला. तीन गोळ्यांचं ते श्वासाचं यंत्रही तेव्हाच आणलं. श्वास आत ओढला की गोळ्या वर चढतात. पहिल्या दिवशी एक चढली. आठवड्यानं दोन. तिसरीसाठी धाकटा शेजारी बसून "आई, ओढ, ओढ" म्हणत राही.

एका गोष्टीत मात्र मावशी बोलल्या नाहीत. किमोनं माझी गाठ लिंबाएवढीची हरभऱ्याएवढी झाली होती. डॉक्टर म्हणाले, स्तन ठेवता येईल, पण मग शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यावाच लागेल. बर्नार्ड फिशर यांच्या अभ्यासानं १९८५ मध्येच दाखवलंय की गाठ काढून शेक घेतलेल्या बायका आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका सारख्याच जगतात. वीस वर्षांनंतर बघितलं तरी तेच. म्हणजे जगण्याचा प्रश्न यात नाही. प्रश्न रोजच्या शेकाचा, तिथं राहण्याचा, शेतातल्या कामाचा, घरी कोण बघेल याचा. आमच्याकडच्या कितीतरी बाया त्यापायी 'काढूनच टाका' म्हणतात. मी मावशींना विचारलं, तुम्ही असता तर काय केलं असतं. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाल्या, "ते डाक्तरास्नी इचार बाई. मला इचारशील तर किती दुखलं ते सांगीन, कवा भट्टीवर गेले ते सांगीन. तुझ्या छातीचं म्या कसं सांगू?"

मला वाटतं, त्या क्षणी त्यांनी मला जेवढं दिलं तेवढं कशानंच दिलं नव्हतं. आजारी माणसाला सल्ला देणारे हजार भेटतात. कुणी गोमूत्र सांगतं, कुणी दूध बंद कर म्हणतं, कुणाच्या चुलतभावाला एका मुळीनं गुण आलेला असतो. आपण कुठवर गेलो आणि कुठून पुढं गेलो नाही, हे जाणणारी एक मावशी. त्या दोन वर्षांपूर्वी भट्टीवर परत गेल्या तेव्हा उजव्या हाताला भाजणं, चटका लागणं टाळायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. काखेतल्या गाठी काढल्यावर हात सुजायची भीती असते. तर त्या डाव्या हातानं खवा घोटायला शिकल्या. पन्नाशी उलटल्यावर. पोरं अक्षर गिरवतात तसं.

मी स्तन ठेवायचं ठरवलं. शेकासाठी शाळेतून रजा घेईन.

ऑपरेशनची तारीख मिळाली ती पितृपक्षात. भाद्रपद वद्य दशमी. घरात एकदम शांतता. आत्याबाई, माझ्या सासूबाई, तुळजापूरच्या लेक. त्यांच्या माहेरी भाद्रपद वद्य अष्टमीपासून देवीची घोरनिद्रा. तुळजाभवानीची मूर्ती हलवता येते. वर्षातून तीनदा तिला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात, मंचकी निद्रा म्हणतात तिला. नवरात्राआधीची ही घोरनिद्रा अमावास्येपर्यंत चालते. घटस्थापनेला देवी पुन्हा सिंहासनावर बसते. दसऱ्यानंतर थकलेली पुन्हा निजते, ती श्रमनिद्रा. आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. देवी पलंगावर असते तेवढे दिवस आत्याबाई गादी-पलंगाला शिवत नाहीत, जमिनीवर झोपतात. लग्न होऊन परंड्याला आल्या तरी मोडलं नाही. "पितरपाठ हाय, त्यात देवी झोपल्याली," त्या म्हणाल्या, "हाक मारली तर ऐकायचं कोण?"

मला उत्तर सुचलं नाही. तारीख पुढं ढकलायची तर ती बारा-पंधरा दिवस जाणार होती. माझ्याकडून यात आधीच उशीर झालेला. गाठ हाताला लागल्यावर मी शाळेची तपासणी होऊ दे म्हणून दोन महिने कुणाला बोलले नव्हते. ते दोन महिने आजही माझ्या छातीवर आहेत.

संध्याकाळी मावशींचा फोन आला तो मी आत्याबाईंच्या हातात दिला. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या. पंधरा-वीस मिनिटं बोलत होत्या. पाऊस, तूर, सोयाबीनला मोड फुटले, म्हशी किती. ऑपरेशनचं नाव निघाल्याचं मला तरी ऐकू आलं नाही. फोन ठेवून आत्याबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि पिठाचा डबा काढला. रात्री जेवताना म्हणाल्या, "देवी लढाईच्या आदी झोपती. म्हैसासुर मारायचाय म्हनून. आमची आई सांगायची."

नवमीला दुपारी आम्ही बार्शीला पोचलो. कागद झाले, रक्त झालं, भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई येऊन दात हलतो का, जिने चढताना दम लागतो का विचारून गेल्या. सिस्टरनी डाव्या खांद्याजवळ पेनानं खूण केली. रात्री बारानंतर पाणीही नाही. चंची उशाशी होती. डोक्यावर केस परत यायला लागलेत, तांदळाच्या कण्यांएवढे, त्यांचा उशीवर खसखस आवाज होतो हे त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं.

मला लोखंडी कॉट. आत्याबाईंनी खाली सतरंजी टाकली, पदर डोक्याखाली घेतला. वॉर्डातल्या सगळ्याच कॉटांच्या खाली कुणीतरी असं पसरलेलं होतं, कुणाची आई, कुणाची जाऊ, कुणाचा नवरा. मी म्हटलं, "आत्याबाई, फरशी गार आहे. वर या पायाशी."

"न्हाई," त्या म्हणाल्या. "या दिवसांत मी खालीच असते की. पलंगावर ती."

दिवा मालवल्यावर त्यांचा हात वर आला, चाचपडत, आणि माझ्या पायाच्या अंगठ्याला धरून राहिला.