उधारीच्या वहीतील रक्तदाब

चाकणच्या औद्योगिक वसाहतीलगत आमचे किराणा दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतांशी कंत्राटी कामगारांचे. पगार महिन्याच्या १० तारखेच्या आसपास होतो, तोवर उधारी.

गेल्या महावीर जयंतीला आमच्या संघाने रक्तदाब तपासणी शिबिर भरविले. नोंदणीचे काम माझ्याकडे होते. दुकानात नेहमी येणाऱ्या, मूळच्या लातूरकडील एक मावशी रांगेत होत्या. त्यांचा रक्तदाब १७०/१०० निघाला. बाहेर आल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "शेठ, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पण उपाशीपोटी घेतली की घेरी येते. ज्या दिवशी जेवण नाही, त्या दिवशी गोळीबी नाही."

रात्री मी त्यांचे खाते उघडले. १० ते २० तारखेपर्यंत तूरडाळ, मटकी, शेंगदाणे. २५ तारखेनंतर पुढच्या पगारापर्यंत केवळ तांदूळ, लोणच्याच्या पुड्या, पापड आणि पाच रुपयांचे फरसाण. प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपणही रसपरित्यागात मीठ सोडतो. पण तो नियम भरल्या घरात, स्वेच्छेने घेतलेला असतो. मावशींचा कोरडा भात मिठावाचून घशाखाली उतरत नव्हता, आणि ते मीठ मीच विकत होतो.

डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, त्यांची गोळी जेवणाआधी वा नंतर केव्हाही चालते. स्वतःहून खंड पाडणे मात्र धोक्याचे. घेरीसाठी त्यांनी मावशींना पुन्हा तपासणीस बोलाविले. मावशींचे रेशनकार्ड गावाकडचे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते आणि 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेमुळे ते आधारच्या ओळखीवर येथील दुकानातही घेता येते, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्यासोबत जाऊन ते सुरू करून दिले.

परंतु त्या धान्यात डाळ नसते. मी मूगडाळ देऊ केली, तर म्हणाल्या, "फुकट नको, शेठ. लिहून ठेवा." आता २५ तारखेनंतर डाळ व मटकी त्यांच्या खात्यावर खरेदीच्या भावाने लिहितो. लोणच्याची पुडी त्या स्वतःच कमी मागतात.

शास्त्रांनी आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. आम्ही शिबिरात औषधाची विचारपूस केली, आहाराची केली नाही. मावशींच्या बाबतीत ही दोन दाने वेगळी नव्हतीच. यंदाच्या नोंदणीपत्रकात एक प्रश्न वाढविला आहे : "महिनाअखेरीस घरात डाळ-धान्य पुरते का?"

निगडी, भोसरी, चाकण येथील आपल्या बहुतेक दुकानांत अशी वही असते. व्यापारी बांधवांनी आज रात्री हिशेब मिटविण्यापूर्वी तिची शेवटच्या आठवड्याची पाने एकदा वाचावीत.