शेरखानची थाळी

मे महिन्याच्या सुट्टीत धाकट्या बहिणीकडे बर्मिंगहॅमला गेले होते. आमच्या कोकणातली बरीच कुटुंबं तिकडे आहेत. दारातच मासळीच्या सालनाचा वास आला आणि परदेशात आल्यासारखं वाटलंच नाही. मग भाच्याने हात धरून त्याच्या खोलीत नेलं. काचेच्या पेटीत दिव्याखाली वीतभर लांबीचा काटेरी सरडा बसला होता.

"खाला, हा शेरखान."

बिअर्डेड ड्रॅगन. मूळचा मध्य ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत मुलखातला. चिडला की गळ्याखालची कातडी फुगवून काळी करतो, ती दाढीसारखी दिसते म्हणून हे नाव. हे चार महिन्यांचं पिल्लू खात होतं फक्त वॅक्सवर्म नावाच्या गुबगुबीत अळ्या. त्या जवळजवळ चरबीच. पोराने जेवण सोडून नुसते पेढे खावेत तसं. रातकिडे सोडले तर बघून मान फिरवायचा. पाल्याकडे बघायचाही नाही.

बहिणीच्या सासूबाईंना हे प्रकरणच नामंजूर. पाल मारली तर सवाब, आणि इथे तिला दिवा लावून बसवलंय! मी त्यांना दब्बची हदीस सांगितली. रसूलुल्लाहंसमोर (स.) भाजलेला दब्ब, म्हणजे वाळवंटातला मोठा सरडा, आला तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. हराम आहे का, असं खालिद बिन वलीद यांनी विचारलं. नाही, पण आमच्या लोकांच्या मुलखात हा नसतो म्हणून मन घेत नाही, असं उत्तर मिळालं. खालिद यांनी तो तिथेच खाल्ला. दब्ब आणि शेरखान एकाच कुळातले, आणि आम्ही कोकणी शाफई, आमच्याकडे दब्ब हलाल. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आता हा खायचा की काय?"

मी मात्र वर्गात वीस वर्षं काढलेली बाई. म्हटलं, लाड बंद. अळ्या बंद, रातकिडेही बंद, समोर फक्त पालक. भूक लागली की झक मारत खाईल. भाचा रडकुंडीला आला, बहीण म्हणाली, "आपा, जाऊ दे ना." मी ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी शेरखान डोळे मिटून पडला होता. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर ४६ ग्रॅम.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी खाण्याबद्दल काही विचारलंच नाही. पहिला प्रश्न, दिव्याखालच्या दगडाचं तापमान किती? कुणी मोजलंच नव्हतं. घरी येऊन मोजलं, ३१ अंश. हवं होतं ४० च्या आसपास. या प्राण्याचं शरीर स्वतःची ऊब तयार करत नाही. ऊब नाही तर अन्न पचत नाही आणि भूकही लागत नाही. दुसरं, पेटी कुणाची तरी वापरलेली, तिच्यातली यूव्हीबीची नळी जुनी. दिसायला लख्ख पेटते, पण कामाचे किरण केव्हाच संपलेले असतात. ते नाहीत तर ड जीवनसत्त्व नाही, मग पोटात गेलेलं कॅल्शियमही अंगी लागत नाही, हाडं मऊ पडतात. आणि पालक? त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. वर या वयात ८० टक्क्यांच्या आसपास खाणं किड्यांचंच लागतं. पाला जास्त तो मोठेपणी. वाढत्या पिल्लाला उपाशी ठेवायचं नसतं, हे त्यांनी माझ्याकडे बघूनच सांगितलं.

परत येताना बसमध्ये मला सातवीतली एक मुलगी आठवत राहिली. फळ्यावरचं वाचायला उभी केली की गप्प. दोन महिने मी तिला जिद्दी म्हणत होते, एकदा वर्गाबाहेरही उभं केलं. शाळेत डोळ्यांची तपासणी झाली तेव्हा कळलं की तिला फळा दिसतच नव्हता. तिची माफी मागितल्याचं मला आठवत नाही.

नवी नळी आली, थर्मामीटर आलं. चौथ्या दिवशी शेरखानने पहिला रातकिडा पकडला. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको, वर कॅल्शियमची भुकटी, आणि त्या किड्यालाही आदल्या दिवशी गाजर खाऊ घालायचं. (किड्यांची दावत बघून सासूबाईंनी कपाळाला हात लावला.) उरलेले किडे रात्री काढून टाकायचे, नाहीतर तेच त्याला चावतात. सकाळी दिवा लागून तासभर अंग तापलं की आधी पाला, मग किडे. पालक हद्दपार. मागच्या हिरवळीत डँडेलियन माजले होते, तिथे कसली फवारणी नव्हती. भाचा आणि मी रोज पानं खुडायचो, धुऊन बारीक चिरायचो, त्यात भोपळ्याचा थोडा कीस. आठ दिवस ताटली तशीच परत आली. आम्ही काही न बोलता उचलायचो. नवव्या दिवशी भाच्याने डँडेलियनचं पिवळं फूल बोटांत धरून हलवलं, आणि शेरखानने ते जिभेने ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी फुलाबरोबर दोन पानंही गेली.

त्याचं वजन लिहायला भाच्याने वही केली. त्याला मराठी शिकवायला मी पुस्तकं नेली होती, ती बॅगेतच राहिली. फक्त वहीतले आकडे मराठीत लिहायचे एवढं ठरलं. ३ आणि ६ मध्ये तो हमखास गोंधळायचा.

घरी परतल्यावर दहा-बारा दिवसांनी मोबाइलवर वहीच्या पानाचा फोटो आला. तारीख, आणि पुढे "३१ ग्रॅम". माझ्या पोटात गोळा आला. तिकडे किती वाजलेत याचा विचार न करता फोन लावला. बहिणीने झोपेतच पोराला उठवलं.

"खाला, सिक्स्टी-वन!" तो म्हणाला. "उलटा आला का?"