चॅटनूगा, भाजणी आणि एक पूल

‘‘तिला बाकी काही विचारू नकोस. फक्त विचार, परत कधी येतेस?’’

कोथरूडच्या फ्लॅटच्या दारात काकूंनी दोन किलो भाजणी, एक डबा चकल्या आणि हा प्रश्न माझ्या हातात ठेवला. दिवाळी नुकतीच आटोपली होती. भाजणी बॅगेत बसली, चकल्या हँडबॅगेत बसल्या. प्रश्न मात्र पूर्ण प्रवासभर टोचत राहिला.

बाईला (हॉस्टेलवर तिला सगळ्या ‘बाई’च म्हणायचो, म्हणून इथेही बाईच!) अमेरिकेत जाऊन सहा वर्षं झाली होती. जाताना म्हणाली होती, ‘‘दोन वर्षांचं असाइनमेंट आहे गं, यूँ गेले यूँ आले.’’ चाकणला गाड्यांचे पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत होती, तिथून थेट चॅटनूगा. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं ही थट्टा करतेय. पण आहे असं गाव. टेनेसी राज्यात, जॉर्जियाच्या हद्दीला खेटून, टेनेसी नदीच्या वळणावर. लोकसंख्या जेमतेम एक लाख ऐंशी हजार. फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला २००९ मध्ये सुरू झाला, चॅटनूगाला २०११ मध्ये. त्यामुळे चाकणच्या पोरापोरींना हे गाव न्यूयॉर्कपेक्षा जास्त माहीत असतं म्हणे!

नोव्हेंबर २०२३. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात मी अटलांटाला उतरले. बाई गाडी घेऊन हजर. तिथून दोन तासांचा रस्ता. मी खिडकीला नाक लावून बसलेली. का? तर ‘फॉल कलर्स’! लाल, केशरी, पिवळी झाडं... फोटो काढण्यासाठी मी मोबाइलची अख्खी मेमरी रिकामी केली होती.

झाडं होती. पानं नव्हती.

‘‘अगं, पंधरा दिवस आधी यायचं ना,’’ बाई शांतपणे म्हणाली. ‘‘रंगांचा सीझन नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच संपतो. आता नुसत्या काड्या.’’

फक्त एक डॉलर!

पण काड्यांचेही फायदे असतात, हे दुसऱ्या दिवशी कळलं. पानं गळली की डोंगर दिसतात. भर उन्हाळ्यात इथे सगळीकडे हिरवा पडदा असतो, म्हणाली बाई. आता नदी, वळण, पूल, पलीकडचा लुकआउट माउंटन, सगळं कसं स्वच्छ दिसत होतं. सकाळी चार-पाच डिग्री, दुपारी कोवळं ऊन. आपल्या पुण्याची जानेवारीतली सकाळ थोडी जास्त ताणली की झालं चॅटनूगा.

या गावाच्या गमती ऐका. १८९९ मध्ये इथले दोन वकील अटलांटाला कोका-कोलाच्या मालकाकडे गेले. म्हणाले, तुमचं पेय बाटलीत भरून विकू द्या. मालकाला बाटलीत काही दम वाटला नाही. त्याने बहुतेक सगळ्या अमेरिकेचे बाटलीचे हक्क देऊन टाकले, एका डॉलरला! तो डॉलरही त्याने कधी वसूल केला नाही, असं सांगतात. ब्रेकडाउन झालेली गाडी उचलून नेणारा टो-ट्रक १९१६ मध्ये इथलाच. (पुणेकरांनो, आपली गाडी उचलली गेली की कोणाला शिव्या घालायच्या ते कळलं ना?) मार्शमेलो आणि चॉकलेटचं मून पाय बिस्किट १९१७ मध्ये इथलंच. जगप्रसिद्ध ब्लूज गायिका बेसी स्मिथही इथलीच.

आणि ट्रेन! ‘चॅटनूगा चू चू’ हे ग्लेन मिलरचं १९४१ चं गाणं इतकं तुफान चाललं की त्याला पहिली गोल्ड रेकॉर्ड मिळाली. पण ज्या गावाचं नाव आगगाडीच्या गाण्याने जगभर गेलं, तिथलं १९०९ चं भव्य स्टेशन १९७० मध्ये बंद पडलं आणि पुढे त्याचं हॉटेल झालं. आज बाहेरगावाहून इथे एकही नेहमीची प्रवासी गाडी येत नाही. पर्यटकांना फिरवून आणणाऱ्या जुन्या गाड्या आहेत, तेवढ्याच.

१९६९ मध्ये तर देशातली सर्वांत घाणेरडी हवा याच गावाची, असं सरकारनेच जाहीर केलं होतं. कारखान्यांचा धूर डोंगरांच्या खोलगट भांड्यात अडकून बसायचा. मग गावाने मनावर घेतलं. हवा साफ केली, १९९२ मध्ये नदीकाठी मोठं मत्स्यालय उभं केलं, नदीकडे फिरवलेली पाठ परत वळवली. २०१० मध्ये तर गावाच्या स्वतःच्या वीज कंपनीने घराघरांत एक गिगाबिटचं इंटरनेट दिलं. आपल्याकडे तेव्हा मी सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये मोजत होते, बॉस!

भाजीत डुक्कर

लुकआउट माउंटनवर जायला १८९५ पासून एक तिरकी रेल्वे आहे. शेवटी चढ बहात्तर टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे आपण सीटवर बसलेलो नसतो, सीटवर टेकवून ठेवलेले असतो. वर पोहोचलं की खाली अख्खं गाव आणि नदी. २४ नोव्हेंबर १८६३ ला याच डोंगरावर धुक्यात लढाई झाली. लोक तिला ‘ढगांवरची लढाई’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी समोरची मिशनरी रिजही उत्तरेच्या फौजेने घेतली, आणि गुलामगिरी टिकवायला निघालेल्या दक्षिणेचं दार उघडलं. त्याच्या पुढच्याच दिवशी लिंकनने जाहीर केलेला थँक्सगिव्हिंग होता. बरोबर शंभर वर्षांनी, १९६३ मध्ये, मार्टिन लूथर किंग यांनी वॉशिंग्टनच्या त्या भाषणात स्वातंत्र्याचा घोष कुठून कुठून घुमावा याची यादी दिली, त्यात या डोंगराचं नाव घेतलं.

उतरल्यावर जाम भूक लागली. ‘मीट अँड थ्री’ हा इथला राइसप्लेट समजा. एक मटण-चिकन काहीतरी आणि तीन भाज्या. मी हुशारी करून फक्त भाज्या मागितल्या. कॉलर्ड नावाची गडद हिरवी पालेभाजी आली, एकदम आईच्या हातच्या माठाची आठवण करून देणारी. दोन घास खाल्ल्यावर बाई म्हणाली, ‘‘छान लागतेय ना? डुकराच्या हाडाबरोबर तास-दोन तास शिजवतात.’’ मी थांबले. विचार केला. आणि तिसरा घास घेतला. खरं सांगू? भारी होती! सोबत मक्याचा ब्रेड आणि ‘स्वीट टी’. त्यात साखर इतकी की आपला बासुंदीवालाही लाजेल.

पूल

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई मला ‘तिच्या’ पुलावर घेऊन गेली. वॉलनट स्ट्रीट ब्रिज. १८९१ चा, निळ्या रंगाचा, लोखंडी. १९७८ मध्ये गाड्यांसाठी बंद केला. पाडायचंच चाललं होतं, पण लोकांनी वाचवला आणि १९९३ मध्ये तो फक्त चालणाऱ्यांसाठी उघडला. लांबी २,३७६ फूट. मी गेले तेव्हा खाली लाकडी फळ्या होत्या. बाबागाड्या, कुत्री, जॉगिंग करणाऱ्या पोरी, लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी. साडेपाचलाच अंधार पडू लागलेला, नदीवर दिवे. मी म्हटलं, ‘‘वा! काय रोमँटिक आहे यार.’’

बाई काहीच बोलली नाही. तिने मला पुलाच्या दक्षिण टोकाशी नेलं. तिथे ब्राँझचे तीन पुतळे आहेत.

एड जॉन्सन नावाचा एक काळा तरुण होता. १९०६ मध्ये एका गोऱ्या स्त्रीवर अत्याचार केल्याचा आरोप त्याच्यावर आला. तो दुसरीकडे होता अशी साक्ष अनेकांनी दिली. तोच माणूस होता, असं ती स्त्रीही कोर्टात शपथेवर ठाम सांगू शकली नाही. तरी ज्यूरीने फाशी दिली. नोआ पार्डन आणि स्टाइल्स हचिन्स या दोन काळ्या वकिलांनी केस हातात घेतली. पार्डन थेट वॉशिंग्टनला गेला आणि सुप्रीम कोर्टाकडून फाशीला स्थगिती मिळवली. स्थगिती आल्यावर, १९ मार्चच्या रात्री, जमाव तुरुंगात घुसला. जॉन्सनला ओढत या पुलावर आणलं आणि इथेच लटकवलं. त्याआधी १८९३ मध्ये आल्फ्रेड ब्लाउंटलाही याच पुलावर असंच मारलं होतं.

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने आपल्या इतिहासात एकच फौजदारी खटला स्वतः चालवला, तो या प्रकरणात, आपल्या आदेशाच्या अवमानाबद्दल. १९०९ मध्ये इथल्या शेरीफसह सहा जण दोषी ठरले. शिक्षा? साठ ते नव्वद दिवस. शेरीफ सुटून आला तेव्हा गावात त्याचं जंगी स्वागत झालं. दोन्ही वकिलांना मात्र गाव कायमचं सोडावं लागलं. जॉन्सनवरचा गुन्हा रद्द व्हायला २००० साल उजाडलं. हे पुतळे उभे राहिले सप्टेंबर २०२१ मध्ये.

मी मोबाइल खिशात टाकला. पाच मिनिटांपूर्वी मी याच फळ्यांवर उभी राहून सेल्फी काढली होती.

‘‘पहिली तीन-साडेतीन वर्षं मी इथे रोज पळायला यायचे,’’ बाई म्हणाली. ‘‘मला काही माहीतच नव्हतं. मग एक दिवस पुतळे दिसले.’’

मला माझं आजोळ आठवलं. चावडी, पार, वरच्या आळीची विहीर, खालच्या आळीची विहीर. सुट्टीत आम्ही तिथे धुमाकूळ घालायचो. त्या दोन विहिरी वेगळ्या का, तिथे कोणाला काय सोसावं लागलं, हे मला कोणी सांगितलं नाही. मास कॉमची डिग्री घेतली, जगभरच्या बातम्यांवर असाइनमेंट्स लिहिली, पण आजोळी जाऊन विचारलं मात्र नाही. मीही नाही.

शेजारच्या आजी

थँक्सगिव्हिंगचं जेवण शेजारच्या आजींकडे होतं. सत्तरी ओलांडलेल्या, काळ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. मला बघताच ‘हनी’ म्हणून मिठीच मारली. टेबलावर टर्की, रताळ्याचा गोड प्रकार, पिकान पाय आणि मधोमध... बाईने तळलेली भाजणीची वडी! काकूंची भाजणी सातासमुद्रापार टर्कीच्या मांडीला मांडी लावून बसली होती.

जेवताना मी पुलाबद्दल विचारलं. आजींनी काटा खाली ठेवला. म्हणाल्या, ‘‘माझी आजी त्या पुलावर कधी पाय ठेवायची नाही. पलीकडे जायचं तर लांबचा वळसा घालायची. आम्ही विचारलं का, तर म्हणायची, असंच. मी स्वतः पहिल्यांदा पूर्ण पूल चालले ती पुतळे बसल्यावर.’’ थोडं थांबून त्यांनी बाईकडे बोट दाखवलं. ‘‘हिच्याबरोबर.’’

घरी आल्यावर मी चहा टाकला आणि अखेर काकूंचा प्रश्न विचारला. परत कधी येतेस?

बाईने कप बराच वेळ दोन्ही हातांत धरून ठेवला. मग म्हणाली, ‘‘मी हे घर भाड्याने घेतलेलं नाहीये. मार्चमध्ये विकत घेतलं. आईला सांगायचं धाडस होत नाहीये.’’

‘‘ग्रीन कार्ड?’’

‘‘रांगेत आहे. नंबर लागेपर्यंत म्हातारी होईन.’’

‘‘आणि ते सगळं माहीत असून तुला हेच गाव हवंय?’’

‘‘माहीत नव्हतं तेव्हा हे नुसतं पोस्टिंग होतं गं,’’ ती म्हणाली. ‘‘ऑफिस, जिम, पूल. आजींबरोबर त्या फळ्यांवरून चालले ना, त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की इथलं आपण काहीतरी लागतो. चांगलं-वाईट सगळं ठाऊक असलेलं हे माझं दुसरं गाव. पहिल्याचं तर मला एवढंही ठाऊक नाही.’’

मी म्हटलं, हे काकूंना मी सांगणार नाही. निरोप न्यायचा मक्ता माझा, पण हा तुझा तू दे. तेव्हा पुण्यात सकाळचे साडेआठ वाजले होते. तिने फोन लावला, स्पीकरवर. सगळं सांगितलं. घर, कर्ज, रांग. पलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. काकू काही बोलेचनात. बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

शेवटी काकूंचा आवाज आला. ‘‘ओटा मोठा आहे का?’’

‘‘आहे आई.’’

‘‘मग पुढच्या वेळी भाजणी तिथेच दळू. मी येईन तेव्हा.’’

मी परत निघाले त्या सकाळी बाई पळायला गेली होती. मीही तिच्यामागे रमतगमत गेले. पुतळ्यांपाशी ती थांबली, श्वास घेतला, आणि पुलावर चढली. पानं नसल्यामुळे पलीकडच्या टोकापर्यंत ती मला दिसत राहिली.

जाताय? मग हे लक्षात ठेवा

* रंग हवेत तर ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरची सुरुवात. डोंगर आणि शांतता हवी तर आमच्यासारखं नोव्हेंबरच्या शेवटी जा.
* अटलांटाहून गाडीने सुमारे दोन तास. ट्रेनची वाट बघत बसू नका, गाण्यावर जाऊ नका!
* डोंगराच्या पोटातला रूबी फॉल्स हा १४५ फुटी धबधबा बघाच. १९२८ मध्ये शोधणाऱ्याने त्याला बायकोचं नाव दिलं. (नवऱ्यांनो, नोंद घ्या.)
* रॉक सिटीवरून सात राज्यं दिसतात असा त्यांचा दावा आहे. मी मोजायचा प्रयत्न केला, तिसऱ्यावर अडकले.
* शाकाहारी असाल तर भाजीबद्दलही विचारून घ्या. पूर्ण विचारून घ्या.
* मत्स्यालयाजवळची ‘द पॅसेज’ ही जागा चुकवू नका. १८३८ मध्ये चेरोकी लोकांना हुसकावून लावलं, त्यातले अनेक याच नदीकाठावरून गेले.
* पुलावर फोटो जरूर काढा. पण आधी दक्षिण टोकाशी थांबून वाचा.